हेतूशिवाय चप्पल घालायची नाही

प्रवासाला निघणाऱ्या माणसाच्या हातावर लोकांच्या घरी दही घालतात. आमच्याकडेही घालत, पण त्याआधी हेतू विचारत. आदल्या दिवशी जेवताना बाबा वरणभात कालवता कालवता, मान वर न करता, एकच शब्द टाकायचे, "हेतू?" मग ज्याला जायचं असेल त्याने तोंडातला घास गिळून पूर्ण वाक्यात उत्तर द्यायचं. सिंहगडावर जायचं असेल तर 'इतिहासाचं स्मरण आणि पायांना व्यायाम' हे चालायचं. 'पिठलं-भाकरी' चालायचं नाही, मग पुण्यातली निम्मी जनता त्याच एका हेतूने गड चढत असली तरी. वर्ध्याला मावशीच्या मुलीच्या लग्नाला जायचं तर 'नातेसंबंधांचं दृढीकरण'. हा शब्द मी सातवीत असताना पाठ केला आणि पुढे आयुष्यात मला तो एकदाही वापरता आला नाही. परत आल्यावर उंबऱ्यातच, चप्पल काढायच्या आत, दुसरा प्रश्न तयार असायचा, "निष्पत्ती?" म्हणजे काय मिळवलंत, काय शिकलात, गेलेला वेळ सार्थकी लागला का. शनिवारवाडा पाहून आल्यावर आईला असं विचारलं तेव्हा ती म्हणाली, "पाय दुखले." बाबांनी ते उत्तर धरलं नाही.

बाबा मूळचे आर्वीचे. आईचं माहेर तिथून जवळच, वर्धा नदीच्या अगदी काठावर. पंप बनवणाऱ्या एका कारखान्यात सुपरवायझरची नोकरी लागली म्हणून दोघं पुण्याला आले आणि बिबवेवाडीत राहिले. तेव्हा आमच्या बिल्डिंगीच्या मागे ज्वारी उभी असायची आणि रिक्षावाले तिकडे यायला नाही म्हणायचे. (ज्वारी गेली. रिक्षावाल्यांनी परंपरा टिकवली आहे.) पुण्यात पाय ठेवल्याबरोबर बाबांनी 'मले' आणि 'तुले' सोडून दिलं. ते इतकं स्वच्छ, इतकं छापील बोलायला लागले की खालच्या मजल्यावरचे दामलेकाका, जे पिढ्यान्‌पिढ्यांचे पुणेकर, एकदा जिन्यात त्यांना म्हणाले, "इंगोले, जरा अशुद्ध बोला हो. आम्हाला संकोच होतो." बाबांना ती शाबासकी वाटली. घरी येऊन त्यांनी ती आईला दोनदा सांगितली.

आई बाहेर 'अहो' आणि 'आपण' करायची, पण स्वयंपाकघरात तिचं राज्य वऱ्हाडी होतं. फोडणीचं तेल हातावर उडालं की "अवो माय!" आणि माझा गणिताचा पेपर पाहिला की "काहून वो कुंदे, मास्तरानं पेपर तपासला का नुस्ता पाह्यला?" तिचा लोखंडी खलबत्ता सकाळी वाजायला लागला की आम्हाला कळायचं, आज पाटवडीचा रस्सा आहे. तिखट इतकं की खाताना कान गरम व्हायचे. बाबा आधी खिडकी लावायचे, "दामल्यांकडे वास जाईल" म्हणून, आणि मग तीन वेळा वाढून घ्यायचे. दामलेकाकूंनी एकदा तो रस्सा चाखला होता. त्यानंतर त्या आईशी फार आदराने वागत.

मग कारखान्याने बाबांना काही महिन्यांसाठी प्रशिक्षणाला जर्मनीला पाठवलं. गेले तेव्हा त्यांच्याकडे नुसतेच प्रश्न होते, आले तेव्हा दाखलेही होते. येताना त्यांनी आणल्या त्या वस्तू अशा: पुण्यात कधीही घालता न येणारा एक लांब कोट, पारदर्शिका दाखवायचा प्रोजेक्टर, पारदर्शिकांचा एक डबा, आणि 'जर्मनीत असं चालत नाही' हे वाक्य. या चारांपैकी वाक्याचा वापर सर्वांत जास्त झाला. दूध उतू गेलं, बस उशिरा आली, मी उंबऱ्यावर शिंकले, जर्मनीत यातलं काहीच चालत नव्हतं.

पारदर्शिकांचा कार्यक्रम रविवारी दुपारी व्हायचा. अंधार हवा म्हणून खिडक्यांवर गोधड्या आणि सतरंज्या टांगल्या जायच्या, भिंतीवर पांढरी चादर, आणि सोसायटीतली झाडून सगळी मंडळी खाली बसलेली. एप्रिल महिना, पंखा बंद, कारण पंख्याने चादर हलते. "इंगोले, जर्मनीत इतकं उकडतं का?" दामलेकाका अंधारातून विचारायचे. प्रोजेक्टर घर्र करायचा, खट्‌ आवाज यायचा, आणि चादरीवर एक चर्च उभं राहायचं. मग पूल. मग राजवाडा. मग घड्याळाचा मनोरा. बाबा हातात लाकडी पट्टी घेऊन प्रत्येकाचा अर्थ सांगायचे, कारण नुसतं पाहणं हा त्यांच्या मते गाईम्हशींचा प्रवास. एकाही चित्रात बाबा स्वतः नव्हते. कुणी विचारलंच तर ते म्हणत, "छायाचित्र काढणारा छायाचित्रात कसा येईल?"

या सगळ्या वैभवात मध्येच एक वेगळं चित्र यायचं. एक रिकामा बाक, मागे पानं झडलेलं झाड, पुढे नदीचं थोडंसं पाणी. जरा तिरकंच होतं ते. बाबा चटकन म्हणायचे, "ही चुकून आली आहे," आणि खट्‌, पुढचं चर्च. नेमकी त्याच सुमाराला आई पोह्यांचं ताट घेऊन स्वयंपाकघराच्या दारात यायची. अख्ख्या जर्मनीतलं तिने काय पाहिलं असेल तर तो बाक. "तो बाक कुठला हो?" ती दर वेळी विचारायची. आणि बाबा दर वेळी म्हणायचे, "दार लाव, उजेड येतो."

आता माझा नातू रोहन बाणेरला एका वर्गाला जातो. तिथे अर्थपूर्ण प्रवास कसा करावा हे शिकवतात. परवा मी दळण आणायला निघाले तर म्हणाला, "आजी, इंटेन्शन सेट केलंस का?" मी त्याच्याकडे पाहतच राहिले. पणजोबांना त्याने पाहिलेलंही नाही, तरी रक्त कुठे जाणार. त्यांच्या वर्गाची सांगता पानशेतच्या पाण्याकाठी होते. सगळ्यांचे फोन काढून घेतात आणि अर्धा दिवस नुसतं गप्प बसवतात. फी ऐकून मीही बराच वेळ गप्प बसले, पाण्याशिवायच.

आईला खडकवासल्याला जायचं होतं. लग्न होऊन पुण्यात आल्यापासून जायचं होतं. रोज पहाटे नळाला पाणी आलं की हंडा लावताना ती म्हणायची, "हे पाणी येते कुठून ते एकदा पाह्यलं पायजे." माहेरी ती संध्याकाळी नदीवर जाऊन बसायची. कपडे धुवायला नाही, पाणी आणायला नाही, नुसती. पण बाबांपुढे हे हेतूत बसवणं तिला कधी जमलं नाही. "खडकवासल्याला लोक भजी खायला जातात," बाबा म्हणायचे, "भजी हा हेतू नव्हे." एकदा मी तिच्या वतीने 'पाणीपुरवठा व्यवस्थेचा अभ्यास' असा अर्ज तोंडी केला होता. बाबा खूश झाले आणि मला एकटीलाच शाळेच्या सहलीबरोबर पाठवलं. आई डबा करून देत म्हणाली, "जा बापा, पाहून ये माह्या वाटचं."

मी अकरावीत असताना आईची आई गेली. दामल्यांकडच्या फोनवर निरोप आला आणि आई नेसत्या लुगड्यानिशी निघाली. त्या वेळी हेतू विचारायचं कुणाला सुचलं नाही, दही घालायचंही नाही. तेरावं आटोपून ती परतली ती सकाळच्या गाडीने. मी दार उघडलं. तिचा चेहरा प्रवासाने आणि रडण्याने सुजला होता, हातात एक पिशवी होती, आणि तिच्यातून तिच्या आईच्या पितळी तांब्याचा काठ दिसत होता. बाबा आतल्या बाजूला खुर्चीत वर्तमानपत्र वाचत होते. त्यांनी उंबऱ्यात चप्पल वाजलेली ऐकली आणि पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले,

"निष्पत्ती?"

मी आजवर पुष्कळ शांतता ऐकल्या आहेत. माणसं गेल्यावरच्या ऐकल्या, भांडण संपल्यावरच्या ऐकल्या. तशी दुसरी ऐकली नाही. बाबांच्या हातातला पेपर हळूहळू खाली आला. तोंड उघडंच होतं. शब्द गेला होता आणि तो परत घ्यायची सोय नव्हती. आईने पिशवी खाली ठेवली, चपला काढून जागेवर लावल्या, आणि मला म्हणाली, "कुंदा, मला जरा पाणी देतेस का?"

ती चिडली असती, आरडाओरडा केला असता, तर आम्ही वाचलो असतो. पण त्या दिवसापासून आई शुद्ध बोलायला लागली. 'मला', 'तुला', 'जेवायला या', 'भात वाढू का'. खलबत्ता वाजायचा थांबला. आमटीत गूळ यायला लागला. दामलेकाकूंनी वाटी परत करताना "अगदी आमच्यासारखी झालीय हो" असं कौतुक केलं आणि बाबा ती वाटी हातात घेऊन कितीतरी वेळ तसेच उभे राहिले. इतकी वर्षं त्यांना हवी होती तशी पुणेरी बायको त्यांना मिळाली होती आणि ते तिला घाबरून होते. ते खिडक्या उघड्या टाकून बसायचे. पण बाहेर जायला वासच नव्हता. मला मात्र खरी भीती वेगळीच वाटत होती. आई एक दिवस अशीच, आवाज न करता, आमच्यातून उठून जाईल आणि घरात फक्त तिच्या हातचा स्वयंपाक तेवढा होत राहील.

मग एका शनिवारी जेवताना ती म्हणाली, "उद्या मी खडकवासल्याला जाणार आहे."

बाबांचं तोंड सवयीने उघडलं. त्यांनी ते मिटलं. भात कालवत राहिले.

"विचारा," आई म्हणाली.

"नाही, राहू दे."

"विचारा म्हणते ना. नियम आहे तुमचा."

"हेतू?" बाबांनी विचारलं. इतक्या लहान आवाजात मी त्यांना कधी बोलताना ऐकलं नव्हतं.

"काही नाही," आई म्हणाली. "तिथे जाऊन बसायचं आहे." आणि मग इतके दिवस अडवून धरलेलं तिचं बोलणं एकदम फुटलं. "मले आता जाऊन बसाले दुसरी कोनती जागा हाये? माय होती तवा नदी होती. आता भावानं घराले कुलूप लावलं. माह्या जिवाले वाटते का कुठी तरी पान्यापाशी जाऊन बसाव, तर त्याचाबी हेतू सांगू काय तुमाले?"

बाबांनी मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ते कळलं नाही. "बस कितीला आहे ते मी पाहून..." एवढंच ते म्हणाले. "नका पाहू," आई म्हणाली. "येईन तवा येईन."

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी स्वारगेटवरून बसने गेलो. आई खिडकीशी बसली होती. वाटेत ती पाणी कधी दिसतं तेवढंच पाहत होती. मी मात्र सवयीने मनात निष्पत्ती तयार करत होते, घरी गेल्यावर काय सांगायचं म्हणून. धरणाशी उतरलो तेव्हा रविवारची गर्दी होती, कणसं भाजल्याचा वास, भज्यांच्या कढया, पोरांची पळापळ. आई त्या सगळ्यातून सरळ चालत पाण्याच्या कडेला गेली, चपला काढल्या, एका सपाट दगडावर बसली आणि पाय पाण्यात सोडले. पाणी लांबवर पसरलं होतं. पलीकडे डोंगर होते. तिने सगळीकडे एकदा नजर फिरवली आणि म्हणाली, "बरं हाये." मग मला म्हणाली, "जा, भजे घेऊन ये. तिखट असन त पाह्य." मी पळत गेले. परत आले तेव्हा ती रडत होती, सावकाश, कुणाला त्रास न देता. मी कागद पुढे केला. तिने एका हाताने डोळे पुसले आणि दुसऱ्या हाताने भजं उचललं.

थोड्या वेळाने रस्त्याकडून ओळखीच्या स्कूटरचा आवाज आला. बाबा आले. डोक्यावर टोपी, काखेत छत्री, एका हातात थर्मास आणि दुसऱ्या हातात ती, आमच्या खिडकीवर टांगायची, सतरंजी. एखादा माणूस घर सोडून निघाला तर जसा दिसेल तसे ते दिसत होते. दगडाशी येऊन उभे राहिले आणि घसा साफ करून म्हणाले, "धरणाच्या भिंतीची पाहणी करावी म्हटलं."

"मी विचारलं नाई," आई म्हणाली.

बाबांनी भिंतीकडे पाहिलं. छत्रीच्या टोकाने एक दिशा दाखवली आणि सुरू केलं, "या भिंतीचं वैशिष्ट्य असं की..."

"अवो," आई म्हणाली, "बसा ना."

त्यांनी सतरंजी अंथरली, तिची चारी टोकं सरळ केली आणि बसले. नुसतं बसायची सवय नसल्यामुळे आधी हात कुठे ठेवावेत हे त्यांना कळेना. पट्टी नव्हती, पेपर नव्हता. आईने भज्यांचा कागद त्यांच्या पुढे सरकवला. त्यांनी एक भजं घेतलं आणि ते हातात धरूनच, पाण्याकडे पाहत, म्हणाले, "तो बाक मी काढला होता."

"कोनता?"

"तू विचारतेस तो. बाकी सगळा डबा विकत घेतलाय. स्टेशनवरच्या दुकानात तयार मिळतो. त्यातलं एकही चर्च मी पाहिलं नाही."

मी आ वासून पाहत राहिले. राजवाडा, पूल, मनोरा, खिडकीवरच्या गोधड्या, एप्रिलचा घाम, सगळं एकदम डोळ्यांपुढून गेलं.

"मग सुटीच्या दिवशी करत काय होते तुम्ही?" आईने विचारलं.

"त्या बाकावर बसायचो. कारखान्यापासून जवळ होता. समोर नदी होती. दर रविवारी ठरवायचो की आज चर्च पाहू, आज राजवाडा पाहू. गाडीत बसायची हिंमत व्हायची नाही. मग तिथेच बसून तुला सांगत राहायचो, मनातल्या मनात. आता होडी आली. आता म्हातारा कुत्र्याला घेऊन आला." बाबा थांबले. पुढचं बोलताना त्यांची ती छापील भाषा कुठे गेली कोण जाणे. "मले करमतच नव्हतं वो तिथं. लय एकटं वाटे."

"मंग इतके वर्सं सांगतलं काहून नाई?"

"काय सांगू? हेतू काय म्हणू त्याचा?"

आई त्यांच्याकडे पाहत राहिली. मग तिला हसू फुटलं. हसता हसता डोळ्यांतून पुन्हा पाणी आलं आणि ती म्हणाली, "कायचा मानूस हाये बाप्पा हा!" बाबांनी हातातलं भजं तोंडात टाकलं. नंतर पाण्याकडे तोंड करूनच म्हणाले, "त्या दिवशी दारात माझ्या तोंडून जे गेलं, ते मी मरेपर्यंत विसरणार नाही." आई म्हणाली, "मीबी नाई विसरनार." आणि थर्मासचं झाकण उघडून तिने त्यांना चहा ओतून दिला. ऊन उतरेपर्यंत आम्ही तिघं तसेच बसून होतो.

यानंतर बाबा बदलले असं कुणाला वाटत असेल तर त्याने पुणेकर पाहिलेला नाही, विशेषतः आपण होऊन पुणेकर झालेला. हेतू विचारणं चालूच राहिलं. फक्त 'काही नाही' हे उत्तर मान्य झालं. निष्पत्ती मात्र त्यांनी पुन्हा कधी विचारली नाही. दुसऱ्या दिवशी खलबत्ता वाजला आणि दामलेकाकूंच्या घराची खिडकी लागलेली आम्ही ऐकली. पारदर्शिकांचे रविवारही चालू राहिले. बाबांनी सोसायटीला डब्याबद्दल चकार शब्द सांगितला नाही, न पाहिलेल्या चर्चचा अर्थ ते पूर्वीच्याच आत्मविश्वासाने सांगत राहिले. मात्र बाकाचं चित्र आलं की ते थांबायचे. आईला हाक मारायचे. आई पोहे खाली ठेवून यायची आणि पुढे बसायची.

"इंगोले, हे काय आहे?" पहिल्यांदा असं झालं तेव्हा दामलेकाकांनी विचारलं.

"बाक."

"ते दिसतंय. वैशिष्ट्य काय?"

"बसता येतं."

दामलेकाकांनी पोह्यांची बशी पुढे ओढली. माझ्या आठवणीत ही त्यांची एकमेव हार.

पुढे मी नोकरीला लागले, माझंही सगळं स्थिरस्थावर झालं, आणि बाबा निवृत्त झाल्यावर मी दोघांना घेऊन त्या जर्मन गावी गेले. तो बाक तिथे नव्हता. त्याच्या जागी लोखंडी होता, नवा. आई त्याच्यावर सबंध दुपार बसली आणि म्हणाली की आपला खडकवासला बरा, इथं भजे नाई मिळत. चर्च बाबांनी या वेळीही पाहिलं नाही. पण मला त्या प्रवासातलं आठवतं ते त्याआधीचं, विमानतळावरचं. विमानात बाबा रात्रभर ओठ हलवत उत्तराची तयारी करत होते, 'सांस्कृतिक अभ्यास आणि पर्यटन', इंग्रजीत. आयुष्यभर दुसऱ्यांना विचारलेला प्रश्न आता त्यांना विचारला जाणार होता, तोही गणवेशातल्या माणसाकडून. खिडकीमागच्या त्या गोऱ्या अधिकाऱ्याने पासपोर्ट चाळले, मान वर न करता विचारलं, "पर्पज ऑफ व्हिजिट?"

बाबांनी छाती भरून श्वास घेतला. मग शेजारी आईकडे पाहिलं. ती लुगड्याचा पदर दोन्ही खांद्यांवरून घेऊन, पायमोज्यांवर चपला घालून उभी होती. बाबांचं पाठ केलेलं वाक्य राहूनच गेलं.

"माय वाइफ," ते कारखान्यातल्या इंग्रजीत म्हणाले, "वॉन्ट्स टू सिट."

"सिट?" अधिकाऱ्याने आता मान वर केली. "व्हेअर?"

"निअर वॉटर."

मी मागे उभी होते. आता आपण तिघं परत पुण्याला, असं माझ्या मनात आलं. अधिकाऱ्याने आईकडे पाहिलं. तिला अक्षर कळलं नव्हतं, पण आपल्याबद्दल चाललंय एवढं कळलं होतं, म्हणून तिने पदर सारखा केला आणि त्याला समजावल्यासारखी मान हलवली. त्याने शिक्के मारले.

जरा पुढे गेल्यावर आईने विचारलं, "काय इचारत होता तो?"

"हेतू."

"अवो माय! इथंबी?"

"हाओ," बाबा म्हणाले. "पन चालला त्याले."